व्हाळ ४ : तारा

पर्वरीच्या त्या कंपनीत नाव ठेवण्याचा एक नियम होता आणि नियम होता म्हणूनच तनयाला तो आवडायचा. कंपनी स्वस्त मोबाइलसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करायची. मूळ गाभा जगभर सगळ्यांना मोकळा मिळतो तोच. त्यावर मराठी, कोंकणी, कन्नड नीट उमटेल आणि डोंगराआड रेंज गेली तरी फोन वेड्यासारखा वागणार नाही, अशी मांडणी करून ती कोकणपट्टीत विकल्या जाणाऱ्या फोनांत भरली जाई. सिस्टीमचं नाव होतं 'व्हाळ'. गोव्यात ओढ्याला व्हाळ म्हणतात. शिवाय प्रत्येक आवृत्तीला एक पाळण्यातलं नाव असे. मागच्या आवृत्तीत ज्याने सगळ्यांत जास्त दोष शोधले, त्याने पुढच्या आवृत्तीचं बारसं करायचं, असं ठरलेलं होतं. पहिली खतखतें, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी, दुसरी मणगणें ही डाळीची खीर, तिसरी शेवंती. पहिलीच्या मागे काही नव्हतं, म्हणून ते नाव ती बांधणाऱ्या निहारने ठेवलं होतं. आत काय काय घातलंय ते शिजवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, तेव्हा खतखतें हेच योग्य, असं त्याचं म्हणणं होतं.

तनया भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन तिथे तपासनीस म्हणून लागली. काम म्हणजे नवी आवृत्ती हातात घेऊन ती कुठे अडखळते ते शोधायचं. शेवंतीत तिने इतके दोष काढले की पोरं तिला विंचू म्हणू लागली. चौथ्या आवृत्तीचं बारसं तिच्याकडे आलं आणि तिने विचार करायला वेळही न घेता 'तारा' म्हणून सांगितलं. कंपनीचा प्रमुख रुद्रेश खूश झाला. नाव आखूड आहे, कुठल्याही लिपीत बसतं, कुठल्याही भाषेत शिवी होत नाही. तारा का, ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तारा हे तिच्या आईचं नाव होतं. म्हणजे लग्नापूर्वीचं. पेडण्याजवळच्या पार्से गावात आई वाढली ती तारा म्हणून. लग्न ठरलं डिचोलीच्या बोर्डे वाड्यावरच्या कृष्णनाथशी. त्याच्या घरात त्याची धाकटी बहीण होती, तिचंही नाव तारा. एका घरात दोन तारा झाल्या तर हाक मारली की दोघी ओ देतील, पोळी एकीला वाढायची ती दुसरीच्या पानात जाईल, असं सासरच्या माणसांनी हसत हसत म्हटलं. नाही तरी नवरीचं नाव बदलायचंच असतं. मग भटजींनी सांगितल्यावर कृष्णनाथने ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने 'सुमंगला' असं लिहिलं आणि आई सुमंगला झाली. त्याच वर्षी नणंद लग्न होऊन वाळपयला गेली. तिकडच्यांनी तिचं नाव बदलून पूजा ठेवलं. दोन तारा नकोत म्हणून जे केलं, त्यानंतर वर्षाच्या आत त्या घरात एकही तारा उरली नाही. आई ही गोष्ट गणेशचवथीच्या फराळासारखी सांगायची, तोंडात घोळवून. ऐकणाऱ्याला हसू यायचं. तनयाही लहानपणापासून हसत आली होती.

आईला तारा म्हणून हाक मारणारं माणूस शेवटी एकच राहिलं होतं, पार्सेचा अनंतमामा. त्याचा फोन आला की पलीकडून 'गे तारू' एवढं मोठ्याने यायचं की सोप्यावर बसलेल्या बाबांनाही ऐकू जाई. दोन वर्षांपूर्वी शिगम्याच्या आदल्या दिवशी मामा गेला. बारावं आटोपून परत येताना आई बसमध्ये खिडकीकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशी बोलली होती, "आतां संपलें. तारू म्हणपी कोण ना." तनयाने ते वाक्य उचलून ठेवलं होतं. म्हणून तिला नाव शोधायला वेळ लागला नाही.

चौथी आवृत्ती आली ती चवथीच्या सुमारास. तनयाने नवा फोन घेऊन तो आईला दिला आणि तिच्यासमोरच पहिल्यांदा चालू केला. पडदा काळा झाला, मध्ये एक ठिपका उमटला, ठिपक्याची चांदणी झाली आणि चांदणीखाली ठळक देवनागरीत अक्षरं आली: तारा. मग ती हळूहळू विरली आणि रोजचा पडदा आला. आईने फोन हातात घेतला, पदराने पुसला, आणि म्हणाली की अक्षर सुरेख आहे. रात्रीच्या जेवणात तिने तनयाला न विचारता तिसऱ्यांदा खीर वाढली.

नंतर काही आठवड्यांनी बाबांचा फोन आला. बाबा शिरगावच्या खाणीवर वजनकाट्याशी बसायचे; भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक यांच्या वजनातला फरक काढण्यात त्यांचा जन्म गेला. खाण बंद पडली तेव्हा ते घरी बसले, पण नोंद घेण्याची सवय सुटली नाही. त्यांनी सांगितलं की आईच्या फोनात काहीतरी दोष आहे. रोज सकाळी पोदेर पाव देऊन गेला की ती फोन पूर्ण बंद करते आणि परत चालू करते. बहुतेक अडकत असावा. ती काही सांगत नाही, पण रोज करते.

तनयाने तपासनिसाच्या मनाने ऐकलं. फोन गरम होतो का, चार्जरवर असतो का, कधी करते, एकदाच की पुन्हा पुन्हा, असं सगळं विचारून घेतलं. बाबांनी चोख उत्तरं दिली. तिने कार्यालयात दोष नोंदवला: दररोज सकाळी बंद करून चालू करावा लागतो, कारण अज्ञात. निहारने बरेच दिवस शोधलं, त्याला काही सापडलं नाही. खरं कारण पडद्यावरच रोज सकाळी उमटत होतं, ठळक देवनागरीत. पण आपण ठेवलेलं नाव बघायला कोणी रोज यंत्र बंद करून चालू करील, ही शक्यता तनयाच्या तपासणीच्या पद्धतीत कुठेच बसत नव्हती. तिने तो दोष उघडा ठेवला. पुढच्या आवृत्तीत तो आपोआप जाईल असं तिला वाटलं.

पुढची आवृत्ती तयार होत असतानाच कंपनीत पैसे घालायला बाहेरची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर नावांची एक सल्लागार बाई आली. बाई हुशार होती, नीट तयारी करून आली होती. तिने दाखवून दिलं की गोव्याबाहेर 'व्हाळ' कोणाला वाचताच येत नाही. कोणी वहाल म्हणतं, कोणी व्हेल. एक दुकानदार तर माशाचा फोन म्हणून विकत होता. यावर सगळे हसले, रुद्रेशही. तिने नवं नाव आणलं होतं: 'ऑरिन'. अर्थ काय असं निहारने विचारलं, तर अर्थ नाही हाच त्याचा गुण, असं ती म्हणाली. ज्याला अर्थ नाही ते कुठेही चालतं, कोणी दुखावत नाही. आणि पाळण्यातली नावं बंद. गिऱ्हाइकाला आपली आवृत्ती जुनी की नवी एवढंच कळायला हवं, त्यासाठी आकडा पुरे.

तनयाला हे पटलंही. खरं म्हणजे तेच तिला पुढे जास्त लागलं. शेवंती आधी की मणगणें आधी, हे बाहेरच्याला कसं कळणार? आकडे चढत जातात, त्यात शंका नाही. पण बाईने सहज म्हणून विचारलं की मग ही 'तारा' कोण, हिच्यामागे काही गोष्ट असेल तर जाहिरातीत वापरता येईल. सगळ्यांनी तनयाकडे पाहिलं. तिच्या ओठावर आलं होतं. पण काचेच्या त्या खोलीत, इतक्या माणसांत, आपल्या आईचं नाव, तेही बदललेलं, तांदळात पुसलेलं, असं काही सांगायचं म्हणजे तिला पोरकटपणा वाटला.

"काही नाही," ती म्हणाली, "तारा म्हणजे स्टार. एवढंच."

बाईने मान हलवली आणि पुढचं चित्र लावलं.

मराठीतली जुनी नावं काढायचं काम तनयाकडे आलं. फोनातला प्रत्येक मराठी शब्द एका ठिकाणी साठवलेला असतो. तिने तिथे जाऊन 'तारा' जिथे असेल तिथे 'ऑरिन' घाल, असा हुकूम यंत्राला दिला आणि चहाला गेली. परत येईतो निहार हसून खुर्चीतून घसरायचा बाकी होता. यंत्राने सांगितलं तसं केलं होतं. हवामानाच्या पानावर 'साऑरिन' ढगाळ होतं. जपून ठेवलेले संदेश 'ऑरिनंकित' झाले होते. मजकूर निवडायला गेलं तर 'उऑरिन निवडा' असं येई, आणि चेहऱ्यांच्या चित्रांत पांढऱ्या दाढीवाल्याखाली लिहिलेलं होतं 'म्हाऑरिन'. त्यानंतर कितीतरी दिवस निहार रुद्रेशच्या पाठीमागे त्याला म्हाऑरिन म्हणत होता.

तनयाही हसली. मग सगळं परत फिरवून ती एकेक जागा हाताने बघत बसली. प्रत्येक 'तारा'पाशी थांबायचं, हे नाव आहे की दुसऱ्याच शब्दात अडकलेला तुकडा आहे ते पाहायचं, तुकडा असेल तर सोडायचं, नाव असेल तर पुसायचं. यंत्राला हा फरक कळत नाही, माणसालाच कळतो, असं तिने निहारला सांगितलं. त्याच बैठकीत तिने नव्या आवृत्तीच्या सूचनेचा मजकूरही मराठीत केला: 'नवे नाव, नवा चेहरा! व्हाळ तारा आता ऑरिन ५.' खाली दोन बटणं, 'अपडेट करा' आणि 'मागाहून'. 'नंतर' न लिहिता 'मागाहून' लिहिण्यासाठी ती भाषेच्या माणसांशी भांडली होती. घरी 'मागीर' म्हणतात, त्याच्या जवळचा तो शब्द तिला वाटे.

ऑरिन बाहेर पडली. चौथ्या आवृत्तीत एक भोक सापडलं होतं. बाहेरून आलेल्या एका चित्रावाटे कोणीही फोनात शिरू शकत होतं, आणि ते पाचवीत बुजवलेलं होतं. तनयाने आईला फोन करून अपडेट करायला सांगितलं. मागीर करतें, आई म्हणाली. पुढच्या आठवड्यात विचारलं तर तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईने विषय भिरंडांवर नेला. यंदा कोकमाला बहर आहे, सोलं करायला हात पुरत नाहीत. आईला अपडेटची भीती वाटते, असा तनयाने निष्कर्ष काढला. भोक तर उघडं होतं. तिला झोपेतही ते दिसे.

रविवारी ती डिचोलीला आली. अस्नोड्यापासून बसच्या पुढे खनिजाचे ट्रक लागले होते; काही खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि रस्त्याकडेची झाडं परत तांबडी पडू लागली होती. आई मागच्या अंगणात भिरंडं फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. फोन जेवणघराच्या फळीवर होता. तनयाने उघडला तर सूचना समोरच: नवे नाव, नवा चेहरा. तिने जरा खोलवर जाऊन पाहिलं. सूचना ज्या दिवसापासून येत होती त्या दिवसापासून रोज सकाळी, एकही दिवस न चुकता, 'मागाहून' दाबलेलं होतं.

तिला हसू आलं. तिला वाटलं, चला, एकदाची कटकट संपवू. रोजचं बंद-चालूही यात सुटेल. तिने 'अपडेट करा' दाबलं.

चहा उकळेपर्यंत काम झालं. आई हात धुऊन आत आली तेव्हा फोन नव्याने चालू होत होता. पडदा काळा झाला. आई पदराला हात पुसता पुसता थांबली आणि वाकून पाहू लागली. करडा गोल उमटला, फिरला, आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरं आली, शेजारी पाचाचा आकडा. मग रोजचा पडदा.

"गेलें?" आईने विचारलं.

"काय गेलं?"

आईने चहाचं आधण उतरवलं, कपात गाळलं, साखर घालायची राहिली म्हणून परत डबा काढला. मग म्हणाली, "तारा गो. सकाळीं पळयतालें मगे. मामा फोन करी तशें दिसतालें."

बाबांनी चोख सांगितलेली वेळ, पोदेर गेल्यानंतरची, तनयाला आठवली. मामाचा फोन त्याच वेळेला यायचा. त्याला पाव घेऊन घरी आल्याबरोबर बहिणीला फोन लावायची सवय होती. तिने कारण अज्ञात असं लिहिलेला तो दोष अजून उघडा होता.

"तू सांगितलं का नाहीस?"

"कितें सांगूं? तूंच लिहिलें न्हय, नवें नांव म्हणून. तुमची कंपनी. म्हाका दिसलें, मागीर मागीर म्हणून चलता तितलें चलूंक दी." आईने कप तिच्यापुढे सरकवला. "बरें केलें तुवें. भोक आसलें मगे."

त्या 'बरें केलें'त रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर तनयाला काही बोलता आलं असतं.

चहा तसाच ठेवून ती फोन घेऊन बसली. चौथी आवृत्ती परत चढवता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. नवी चढली की जुनी स्वीकारायची नाही, अशी आतून कडी असते, चोरांनी मुद्दाम जुनं भोक उघडू नये म्हणून. ती कडी पक्की बसते की नाही हे तनयानेच तपासलं होतं आणि पक्की आहे असं लिहून दिलं होतं. तरी तिने प्रयत्न केला. फोनने तिला सभ्य मराठीत नकार दिला. मराठी तिचंच होतं.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. कंपनी बाहेरचं नाव बदलते, आतलं बदलत नाही. बदललं तर एकाला दुसरं सापडेनासं होतं आणि सगळंच कोसळतं. म्हणून आत अजून सगळीकडे जुनीच नावं आहेत. तिने आवृत्तीच्या आकड्यावर परत परत टकटक केलं, एक पान उघडलं, त्याच्या आतलं दुसरं, आणि खाली सरकत सरकत एका ओळीत इंग्रजी बारीक लिपीत लिहिलेलं नाव शोधून काढलं. ती धावतच आईकडे गेली.

"हे बघ. आहे. आत आहेच ते, कधीच जाणार नाही. कोणालाच काढता येणार नाही."

आईने चष्मा लावला. ओठ हलवत चार अक्षरं जुळवली. तनयाला वाटलं, ती हसेल. ती हसलीही, पण दोन तारांची गोष्ट सांगताना हसायची तशी.

"भितर आसून कितें करूं बाय?" ती म्हणाली. "भितर तें म्हज्याय आसा. हांक कोण मारता?"

सोप्यावर बाबा पेपर घेऊन बसले होते, आणि घर लहान होतं. ते सगळं ऐकत असणार, हे तनयाला नंतर कळलं. कृष्णनाथ मुळातच कमी बोलणारा माणूस. बायकोला त्यांनी आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या पिढीत मारत नसत. 'अगो' म्हणत, नाहीतर 'ऐकलें?' म्हणत. भरल्या मांडवात अंगठीने कोरलेलं 'सुमंगला' त्यांच्या तोंडून पुढे कधी निघालं नाही. रेशनकार्डावर आणि मतदार ओळखपत्रावर तेवढं राहिलं. दोघी ओ देतील म्हणून जे नाव काढून घेतलं होतं, त्या जागी दिलेल्या नावानेही कोणी हाक मारत नव्हतं.

दुपारचं जेवण झालं. आई परत भिरंडांकडे गेली. उन्हं आहेत तोवर सोलं पसरायची होती. तनया सुपं धरायला तिच्याबरोबर अंगणात गेली. चार वाजायला आले असतील. बाबा सोप्यावरून उठले, जेवणघर ओलांडून मागच्या दाराशी आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. काट्यावर ट्रक पूर्ण चढला की नाही ते बघून मगच आकडा सांगायची त्यांची रीत होती, तसे ते थोडा वेळ थांबले.

"तारा," ते म्हणाले.

आवाज नीट निघाला नव्हता, पण ऐकू येण्याइतका होता.

आई चटकन उठली. लाल हात पुढे धरून, पदर कोपराने सावरत ती घराच्या कडेने पुढच्या फाटकाकडे चालू लागली.

"तारा आयली? खंय?" ती म्हणत होती. "फोनूय करूंक ना तिणें. तनया, नारळ काड गो, पूजावन्संक सोलकढी जाय पडटा."

इतक्या वर्षांत त्या तोंडातून आलेला तो शब्द एकाच माणसाचा होता. वाळपयची बहीण आली की बाबा तिला अजून जुन्याच नावाने हाक मारत.

बाबा चौकटीतून हलले नाहीत. त्यांनी तनयाकडे पाहिलं, आणि काटा चुकला की कसं करायचं हे कोणाला तरी विचारावं तसं त्यांचं तोंड झालं. तनयाला फाटक दिसत होतं. आईने कडी मनगटाने वर केली होती आणि ती रस्त्यावर दोन्हीकडे पाहत होती. एक रिकामा ट्रक गेला. त्याची धूळ बसेपर्यंत ती तिथेच होती.

"कोण ना," ती वळून म्हणाली.

मग तिने एकदा दाराकडे, बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. आई फाटकाशी आणखी जरा वेळ उभी राहिली. हात लाल होते, म्हणून तिने डोळ्यांना लावले नाहीत.